जुन्या गाडीस नवी धाव

वडिलांच्या वा चुलत्यांच्या वेळची मोटार घरात उभी आहे, मुले ती पुन्हा रस्त्यावर आणू म्हणतात, तर तिला चाके आणि टायर कोणते घ्यावेत, असा प्रश्न आमच्या वाचकांपैकी तिघा-चौघांनी गेल्या काही महिन्यांत पत्राने विचारला. संस्कृत शिकविण्यात ज्याची हयात गेली अशा शाळामास्तराने मोटारीच्या टायरांविषयी लिहावे हे काहींस विचित्र वाटेल. परंतु या विषयात यंत्रविद्येपेक्षा मोजमाप, त्रैराशिक आणि बारीक अक्षर वाचण्याची चिकाटी यांचेच काम अधिक आहे, आणि ही तीन कामे मास्तरांच्या अंगवळणी पडलेली असतात. शिवाय हा प्रश्न आमच्याच घरात अलीकडे उभा राहून सुटला असल्यामुळे आम्ही जे लिहीत आहो ते ऐकीव नव्हे.

प्रथम चाकाविषयी थोडेसे. बैलगाडीचे चाक ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांस मोटारीचे चाक समजण्यास अडचण पडू नये. मध्ये तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसविलेला लाकडी घेर, आणि त्यावर लोखंडी धाव. नाभि, अर, नेमि हीच त्यांची संस्कृत नावे. लोहार धाव भट्टीत लाल करून चाकावर चढवी व लागलीच पाणी ओती. लोखंड आकसून सर्व लाकूड आवळून धरी. मोटारीत तुंब्याच्या जागी ड्रम आला, आऱ्यांच्या जागी पोलादी डिस्क आली, घेराच्या जागी रिम आली, आणि धावेची जागा वाऱ्याने फुगविलेल्या रबराने घेतली. वाऱ्याच्या धावेची कल्पना रॉबर्ट टॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ साली नोंदविली होती. ती लोक विसरून गेले, आणि १८८८ साली बेलफास्ट येथील डन्लॉप नामक पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तीच पुन्हा शोधून काढली. लोखंडी धाव गाडीचा भार स्वतः वाहते; रबरी धावेत मात्र भार वाहतो तो आतला वारा, आणि रबराचे व त्यातील दोऱ्यांचे काम त्या वाऱ्यास कोंडून ठेवण्याचे. हा एवढा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढील पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात.

आता आमच्या घरची हकीकत. आमच्या कैलासवासी थोरल्या काकांनी १९७० साली फियाट ११०० घेतली. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बने, आणि पुढे हिचेच नाव पद्मिनी पडले. हिच्याआधीच्या गोलमटोल फियाटीस आपल्याकडे लोक 'डुक्कर फियाट' म्हणत. आमची ती नव्हे, तिच्यानंतरची, चौकोनी तोंडवळ्याची. काकांच्या मागे गाडी आमच्या दादांकडे आली. दादांचे वय आज अठ्ठ्याहत्तर आहे. गेली कित्येक वर्षे गाडी पडवीत ताडपत्रीखाली असे. दसऱ्यास तिला हार पडे, आणि महिन्यातून एकदा दादा ती कऱ्हाडात कृष्णेच्या घाटापर्यंत नेऊन परत आणीत. तेवढ्याने त्यांचे समाधान होई आणि गाडीचेही यंत्र चालते राही.

गेल्या वर्षी दादांच्या मनाने घेतले की, मार्गशीर्षात सर्वांनी याच गाडीने गुहागरास व्याडेश्वराच्या अभिषेकास जावे, जसे काकांच्या वेळी जात असू. कऱ्हाडाहून पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. दादा, वहिनी, आमचे कुटुंब, आम्ही, आणि चालविण्यास धाकट्या भावाचा मुलगा. शिवाय पाठीमागे सामान. घाटाचा उतार, चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रमचे ब्रेक, आणि आत वाहावयाचे चार वडीलधारे जीव. टायरांचा प्रश्न एरवी हौसेचा ठरला असता, तो येथे हौसेचा राहिला नाही.

दादांच्या मते नवे टायर घेण्याचे कारणच नव्हते. "नक्षी बघा, हाताला लागते अजून," असे ते म्हणत, आणि ते खरेही होते. महिन्यातून दोन मैल चालणाऱ्या गाडीची नक्षी झिजणार कशी? परंतु रबर केवळ घासून म्हातारे होत नाही. हवेतील प्राणवायू आणि ओझोन, ऊन आणि उष्णता यांनी ते बसल्या जागी कडक होते, त्यातील तेलकट अंश निघून जातो, आणि बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा पडतात. उलट चालती गाडी या बाबतीत बरी, कारण रबर वाकत राहिल्याने त्यात मिसळलेले संरक्षक मेण पृष्ठभागावर येत राहते. उभ्या गाडीचे टायर दिसण्यास नवे आणि वयाने जख्ख असे असू शकतात. म्हणून आमचे वाचकांस पहिले सांगणे असे की, नक्षी पाहण्यापूर्वी जन्मतारीख पाहावी.

ती टायरावरच छापलेली असते. बाजूच्या भिंतीवर इंग्रजी डी-ओ-टी या अक्षरांनी आरंभ होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटी लंबवर्तुळात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असे असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तो टायर साच्यातून निघाला. ही ओळ पुष्कळदा टायराच्या एकाच अंगास पुरी असते, आणि ते अंग नेमके गाडीखाली आत वळलेले असते. तेव्हा आरसा व विजेरी घेऊन वाकण्याची तयारी ठेवावी. २००० सालापूर्वीच्या टायरांवर चार नव्हे, तीन आकडे असत; त्यांत वर्षाचा शेवटचाच अंक दिलेला असे, दशक आपण ओळखावे.

आमचा पुतण्या विजेरी घेऊन गाडीखाली निजला आणि एकेक आकडा ओरडून सांगू लागला. आम्ही पाटीवर लिहून घेतले. चार चाकांवरील चारही टायर २००९ सालचे निघाले. मग त्याने डिकीतून स्टेपनी काढली. वाचकांस हे ठाऊक आहे काय, की स्टेपनी हा शब्द वेल्स देशातील लानेली गावच्या स्टेपनी नामक रस्त्यावरून आला? तेथे डेव्हिस बंधूंनी १९०४ साली जादा चाकाचा धंदा काढला. त्या चाकाचे नाव साहेबांच्या देशात लोपले आणि आपल्याकडे मात्र घरोघर राहिले. असो. आमच्या स्टेपनीवर तीनच आकडे होते: २७६. म्हणजे १९९६ साल, किंवा त्याआधीचे १९८६. वहिनी म्हणाल्या, "शहाण्णव असणार. त्या साली आपण पंढरपूरहून येताना टायर फुटला होता, तेव्हा ह्यांनी नवा घेतला." दादा काही बोलले नाहीत, त्यांनी स्टेपनीच्या भिंतीवर अंगठा दाबून पाहिला, आणि भेगा उघडल्या तशा त्यांनी हात काढून घेतला.

टायर बनविणारे बहुतेक कारखाने असा सल्ला देतात की, पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणत्याकडून तपासून घ्यावा, आणि दहा वर्षे झाली की नक्षी कितीही शाबूत असली तरी बदलावा. स्टेपनीही या नियमातून सुटत नाही. नवा म्हणून घेतलेला टायरही दुकानात तीन-चार वर्षे पडून राहिलेला असू शकतो, विशेषतः जुन्या मापाचा, ज्यास गिऱ्हाईक क्वचितच येते. तेव्हा दुकानदारास पैसे मोजण्यापूर्वी आकडे वाचावेत. यात संकोच कसला? औषधाच्या बाटलीवरील तारीख आपण वाचतोच की नाही?

टायर बदलावयाचे ठरले, तेव्हा दुसरा वाद उपस्थित झाला. चिरंजीवांनी भ्रमणध्वनीवर एका चकचकीत मिश्रधातूच्या चाकाचे चित्र दाखविले. त्यावर १८५/६० आर १४ असा रुंद टायर. "काका, गाडी एकदम भारदस्त दिसेल, आणि रस्ताही चांगला पकडेल." मुलाची हौस आम्हांस वाईट वाटली नाही, परंतु आम्ही त्यास पाटी-पेन्सिल दिली.

मूळ टायराचे माप ५.२०-१४ असे आहे. यातील ५.२० ही टायराची रुंदी, इंचांत. १४ हा रिमचा व्यास, तोही इंचांत. जुन्या टायराची उंची रुंदीच्या जवळजवळ बरोबरीने, म्हणजे सुमारे शेकडा ९५ धरावी लागते, म्हणून ती वेगळी लिहीत नसत. नव्या पद्धतीच्या १८५/६० आर १४ मध्ये रुंदी १८५ मि.मी., उंची त्या रुंदीच्या शेकडा ६०, 'आर' म्हणजे रेडियल, आणि शेवटी रिमचा व्यास मात्र इंचांतच. मि.मी. आणि इंच यांचा हा एकत्र संसार कोणी मांडला देवास ठाऊक. आमच्या वर्गात एखाद्या मुलाने असे उत्तर लिहिले असते तर आम्ही गुण कापले असते.

चौदा इंच म्हणजे ३५५.६ मि.मी. मूळ टायराची उंची सुमारे १२५ मि.मी., ती वर-खाली दोनदा मिळविली की चाकाचा पूर्ण व्यास ६०६ मि.मी. होतो. पुतण्याच्या टायराची उंची १११, पूर्ण व्यास ५७८. वरवर पाहता फरक अवघा २८ मि.मी. आहे. पण परीघ काढा: मूळ चाक एका किलोमीटरात सुमारे ५२५ फेरे घेते, नवे ५५१ घेईल. वेग दाखविणारा काटा फेरे मोजून वेग सांगतो. त्यास चाक बदलल्याची वार्ता नसते. तो ६० दाखवील तेव्हा गाडी खरोखर ५७ ने चालत असेल, आणि अंतराचा आकडाही त्याच प्रमाणात फुगेल. यंत्रास प्रत्येक मैलास अधिक फिरावे लागेल. शिवाय व्यास २८ ने घटला म्हणजे गाडीचे पोट जमिनीकडे १४ मि.मी. खाली येईल, आणि आमच्या गल्लीतील गतिरोधक ज्यांनी पाहिले आहेत त्यांस याचा अर्थ सांगणे नको.

आणखी एक आक्षेप होता. एवढ्या रुंद टायरास निदान पाच इंच रुंदीची रिम लागते, जुन्या फियाटीची रिम तिच्याहून अरुंद. अरुंद रिमवर रुंद टायर चढविला तर त्याच्या भिंती आत चिमटल्या जातात आणि मधला भाग फुगून वर येतो. रस्त्यास टेकणारी जागा वाढण्याऐवजी उलट घटते. रिम रुंद घेतली तर चाक बाहेर वा आत सरकते. बाहेर सरकले तर बेअरिंगावर तरफेसारखा ताण येतो, आत सरकले तर वळणावर टायर आतल्या पत्र्यास घासतो. या गाडीच्या स्टिअरिंगास कोणत्याही यंत्राची मदत नाही, सर्व काम मनगटाचे. रुंद टायर लावून उभी गाडी वळविताना दादांचे काय होईल, असे आम्ही विचारले, तेव्हा पुतण्याने पेन्सिल खाली ठेवली.

मग योग्य माप कोणते? १५५/८० आर १४ चा हिशेब करून पाहा: उंची १२४, पूर्ण व्यास ६०४. मूळच्या ६०६ शी हे जवळजवळ तंतोतंत जुळते. १४५/८० घेतला तर व्यास ५८८ होतो, म्हणजे शेकडा तीन कमी. चालेल, पण गाडी किंचित खुजी होईल. १६५/८० हा आजच्या काही प्रचलित गाड्यांस असल्यामुळे सहज मिळतो. त्याचा व्यास ६२० भरतो, शेकडा दोन अधिक. तोही त्याज्य नव्हे, परंतु घेण्यापूर्वी एक चाक लावून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंस शेवटपर्यंत फिरवून आणि गाडीत माणसे बसवून कोठे घासते काय हे पाहिलेच पाहिजे. सारांश, मूळच्या व्यासाच्या शेकडा दोन-तीनच्या आत राहावे आणि रुंदीचा मोह धरू नये. ज्यांच्या घरी मॉरिस मायनर आहे त्यांसही हाच हिशेब उपयोगी पडेल, कारण तिच्या पुढच्या काळातील गाड्यांचे माप हेच ५.२०-१४ आहे, अँबॅसडरवाल्यांनी मात्र ५.९०-१५ धरून नव्याने मांडणी करावी.

मापापुढे भिंतीवर आणखी एक आकडा व एक अक्षर असते, उदाहरणार्थ ७९ टी. ७९ म्हणजे एका टायरास ४३७ किलो भार सोसतो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर वेगापर्यंत तो टिकतो. दुसऱ्याची आपणांस गरज नाही. पहिल्याची आहे, परंतु आमची गाडी रिकामी असता नऊशे किलोंच्या आसपास आहे, तेव्हा माणसे आणि सामान धरूनही येथे अडचण येत नाही.

आता क्रॉस-प्लाय की रेडियल हा प्रश्न. यावर हौशी मंडळींत जे वाद होतात ते ऐकले म्हणजे द्वैत-अद्वैताची आठवण होते. भेद असा आहे: जुन्या टायरात दोऱ्यांचे थर तिरपे, एकमेकांस छेदणारे, बाजेच्या विणीसारखे असतात; म्हणून भिंत आणि तळवा एकत्रच ताठ होतात, आणि भिंत दबली की तळवाही वेडावाकडा होतो. रेडियलमध्ये दोरे चाकाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ, आऱ्यांसारखे जातात, आणि तळव्याखाली वेगळा पट्टा गुंडाळलेला असतो. भिंत लवचीक, तळवा सपाट. मिशेलिन या फ्रेंच कंपनीने १९४६ साली याचे पेटंट घेतले आणि १९४९ पासून ते विकू लागली. रेडियल अधिक चालतो, तापतो कमी, ओल्या रस्त्यावर आणि वळणावर पकड चांगली ठेवतो. क्रॉस-प्लाय लावलेली जुनी गाडी रस्त्यातील चाकोऱ्यांमागे भरकटते; परंतु तिचे स्टिअरिंग हळू वेगात हलके असते, आणि टायर हातातून सुटू लागण्यापूर्वी पुरेशी सूचना देतो.

प्रदर्शनात गाडी ठेवावयाची असेल, पंचांच्या डोळ्यांस मूळचे रूप हवे असेल, तर क्रॉस-प्लाय घ्यावा. त्यात काही चूक नाही. मात्र मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून कायमच्या गेल्यानंतर या मापाची मागणी आटली आहे हे ध्यानात धरून, ताजा माल शोधावा. घाट उतरून कुटुंबास घेऊन जावयाचे असेल तर आमचे मत निःशंकपणे रेडियलकडे आहे.

परंतु येथे एक गोष्ट प्राणावर बेतणारी आहे, ती स्पष्ट लिहितो. दोन्ही जातींचे टायर एकाच आखावर कधीही लावू नयेत. पुढे रेडियल आणि मागे क्रॉस-प्लाय ही मांडणीही सर्वथा वर्ज्य आहे. पुढचे चाक वळणावर घट्ट धरते, मागचे सरकते, आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. केवळ दोनच टायर घेण्याची ऐपत असेल तर रेडियल मागे लावावेत आणि पुढच्यांची तजवीज लवकर करावी. आमच्या घरी तर पाचही एकदम घेण्याचे ठरले, आणि खर्च सामाईक खात्यातून व्हावा की गाडी वापरणाऱ्यांनी सोसावा यावर जी चर्चा झाली ती येथे देण्याचे प्रयोजन नाही. ती दोन दिवस चालली एवढे सांगितले म्हणजे एकत्र कुटुंबातील वाचक उरलेले ताडतील.

चाके आम्ही जुनीच ठेवली. जुनी पोलादी डिस्क सुस्थितीत असेल तर तिच्यासारखी दुसरी नाही. वाकली तर ठोकून सरळ होते, आणि धक्क्याने तडकण्यापूर्वी वाकते. पण सुस्थितीत आहे हे डोळ्यांनी पाहिले पाहिजे. टायर काढून टाकून रिम आतून-बाहेरून तारेच्या ब्रशाने घासावी. बोल्टांच्या छिद्रांभोवती आणि डिस्क रिमला जेथे जोडली आहे तेथे बारीक भेग आहे काय, ते भिंगाने पाहावे. चाक टांगून लहान हातोडीने वाजवावे. बायका माठ घेताना टिचकी मारून पाहतात, तोच न्याय. खणखणीत वाजले तर बरे, बद्द वाजले तर त्याच जागी पुन्हा शोध घ्यावा. मग चाक गाडीवर लावून हाताने फिरवावे आणि कडेजवळ खडू स्थिर धरावा; खडू एकाच जागी लागला आणि बाकी सुटला तर रिम वाकडी आहे. आमच्या पाचांपैकी एक असे निघाले. त्याची भेग मोठी नव्हती, परंतु चाकाची भेग सांधून वापरण्याच्या आम्ही विरुद्ध आहो. ते मोडीत दिले, आणि जोड शोधू लागलो.

जोड शोधताना जी मापे न्यावी लागतात त्यांत मुख्य माप बोल्टांच्या वर्तुळाचे. चार छिद्रे असतील तर समोरासमोरच्या दोन छिद्रांच्या मध्यांतील अंतर हाच त्या वर्तुळाचा व्यास. पाच असतील तर समोर छिद्र येत नाही. तेव्हा शेजारच्या दोन छिद्रांच्या मध्यांतील अंतर मोजून त्यास १.७०१ ने गुणावे. बाजारात ९८ मि.मी. व १०० मि.मी. अशी दोन वर्तुळे आढळतात, आणि हा दोन मि.मी.चा फरक फसवा आहे: एकाचे चाक दुसऱ्यावर बसल्यासारखे वाटते, बोल्टही आत जातात, पण तिरपे जातात आणि चालता चालता सैल होतात. फियाट घराण्यात ९८ चे वर्तुळ पुष्कळ काळ रूढ होते, तेव्हा परक्या गाडीचे चाक 'बसते हो' म्हणून कोणी देऊ लागला तर मोजपट्टी काढावी. याखेरीज मधल्या छिद्राचा व्यास, आणि डिस्कची पाठ रिमच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे ते अंतर, ही दोन मापेही टिपून न्यावीत. बोल्टाचे डोके जेथे टेकते ती जागा निमुळती की सपाट हेही पाहावे. मिश्रधातूचे चाक घेणाऱ्यांस बोल्ट बहुधा अधिक लांबीचे लागतात.

आम्हांस शेवटी कोल्हापुरातील एका भंगारवाल्याकडे जोड मिळाला. त्याने दोन काढून ठेवले होते. पुतण्याने दोन्ही वाजवून पाहिली आणि बरे तेवढे घेतले.

रंगाविषयी एक सूचना. चाकास हौसेने जाड रंग देणारे पुष्कळ आहेत. डिस्क ड्रमला जेथे चिकटते आणि बोल्ट जेथे टेकतो तेथे जाड रंग असेल तर तो पुढे दबतो, चुरा होतो, आणि आवळलेला बोल्ट तेवढ्याने ढिला पडतो. तेवढ्या जागा पातळच ठेवाव्यात.

ट्यूबविषयी दुकानदार सांगेल की आता ट्यूब कोणी घालत नाही. नव्या गाडीपुरते ते खरे. बिनट्यूबच्या टायरास धरून ठेवण्यासाठी रिमच्या आत एक उंचवटा लागतो. जुन्या रिमला तो नसतो. वारा कमी झाला की टायर कडेवरून आत सरकून एकदम रिकामा होईल. म्हणून जुन्या रिमला ट्यूबच घालावी, ती रेडियलसाठी बनविलेली आणि योग्य मापाची असावी. नव्या टायराच्या आत कागदी चिठ्ठ्या चिकटविलेल्या असतात. त्या सोलून काढाव्यात, नाहीतर त्यांच्या कडा ट्यूबला महिनोन् महिने घासत राहतात. आत पावडर भुरभुरावी, ट्यूब एकदा फुगवून वारा पूर्ण सोडावा आणि मग पुन्हा भरावा, म्हणजे आतल्या घड्या मोडतात. मोठ्या दुकानांत नत्रवायू भरून घेण्याचा आग्रह होतो. ज्या हवेत आपण श्वास घेतो तीत शेकडा ७८ नत्रवायूच आहे, तेव्हा उरलेल्यासाठी पैसे मोजावेत की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही मोजले नाहीत.

वारा किती भरावा? गाडीच्या जुन्या पुस्तकातील आकडा क्रॉस-प्लायसाठी लिहिलेला आहे. रेडियलला त्याहून दोन-तीन पौंड अधिक लागतो असा सर्वसाधारण अनुभव आहे. रेडियलची भिंत खाली किंचित फुगलेली दिसते. ती दिसू द्यावी. ती फुगोटी घालविण्यासाठी वारा कोंबणारे लोक टायराचा मधलाच पट्टा झिजवितात. आणि वारा मोजावयाचा तो सकाळी, गाडी चालण्यापूर्वी.

कायद्याविषयी थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यास मर्यादा घातली आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याच अर्थाचा निर्णय दिला. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये वेगळे नियम झाले. त्यांप्रमाणे 'व्हीए' ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो, परंतु गाडी मूळ रूपात असावी लागते आणि असा क्रमांक घेतल्यावर ती रोजच्या वापरात आणता येत नाही. दादांनी तो घेतला नाही. काकांच्या हातचा जुना क्रमांकच त्यांस प्रिय आहे, आणि कृष्णाकाठची महिन्याची फेरी बंद होणे त्यांस मानवले नसते.

टायर चढले त्या दिवसापासून पहिले शेदोनशे किलोमीटर गाडी बेताने चालविली, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेला बुळबुळीत लेप नव्या टायरावर काही काळ राहतो. चाकांचा तोल यंत्रावर पाहून घेतला. काकांच्या वेळच्या जॅकला वंगण दिले आणि स्टेपनी चढवून-उतरवून पाहिली. घाटात प्रथमच तो प्रयोग करण्याचे धैर्य आमच्यापाशी नव्हते.

मार्गशीर्षातील एका गुरुवारी पहाटे निघालो. नवे चाक बसविले की थोडे चालल्यावर बोल्ट पुन्हा आवळावेत असा नियम आहे, म्हणून कोयनानगरला चहासाठी थांबलो तेव्हा पुतण्याने पान्हा काढला. कोल्हापूरच्या चाकाच्या दोन बोल्टांनी अर्धा पाव आटा घेतला, बाकीचे जागच्या जागी होते. पुढे घाटाच्या माथ्यावर दादा म्हणाले, "आता मला दे." पुतण्याने आमच्याकडे पाहिले, आम्ही वहिनींकडे पाहिले. वहिनी म्हणाल्या, "घाट उतरू दे त्याला. खाली सपाटीवर तुम्ही घ्या." दादांनी ते मानले, आणि चिपळूण ते गुहागर गाडी त्यांनी चालविली.

परत आल्यावर त्यांनी काकांची गाडीखर्चाची चोपडी काढली. तिच्यात १९७० पासूनच्या नोंदी आहेत. नव्या पानावर त्यांनी पाचही टायरांचे चार-चार आकडे आपल्या अक्षरात उतरविले, प्रत्येकापुढे चाकाची जागा लिहिली, आणि शेवटच्या रकान्यात दहा वर्षांनंतरचे साल घालून त्याखाली पुतण्याचे नाव लिहिले.